हिरवी पँट

ताईच्या हातात टेप आली की तिचा आवाज चढायचा. आमचं शिवणाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा आणि कोपऱ्यात पडदा ओढून केलेली कपडे घालून बघायची जागा. ताई माप घेणार आणि आकडा मोठ्याने सांगणार. मी खिडकीपाशी काज-बटणं करत बसलेली, तो आकडा खडूने कापडाच्या कोपऱ्यावर लिहिणार. मशीनची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्न यांतून मला ऐकू यावं म्हणून ती ओरडायची. यात कुणाला काही वाटत असेल हे आम्हा दोघी बहिणींच्या डोक्यात कधी आलंच नाही.

तशी ताई मनाने मऊ. भावोजी गेल्यावर तिने मशीन सोडलं नाही आणि कुणापुढे रडगाणंही गायलं नाही. बायका माप द्यायला उभ्या राहिल्या की हमखास पोट आत घेतात. सगळ्या घेतात, शाळेतल्या बाई असोत नाहीतर पोलिसातल्या. ताई टेप तशीच धरून थांबायची आणि म्हणायची, सोडा श्वास, कपडा तुम्ही घालणार आहात की तुमचा फोटो? बाई हसायची, पोट जागेवर यायचं, मग ताई माप घ्यायची. आणि शिवताना प्रत्येक कपड्यात आतून दोन बोटं जादा कापड ठेवायची. आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात. अंग काही कायम एकाच मापाचं राहत नाही, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून ही सोय. समोरचा टेलर कापड वाचवायला ती ठेवत नाही, आणि त्यावरून ताई दिवसातून एकदा तरी त्याचा उद्धार करते.

तिची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, याच खोलीत चिंध्यांशी खेळत वाढली. लहानपणी तिच्या गोबऱ्या गालांवरून आम्ही तिला एक लाडाचं नाव ठेवलं होतं. ते नाव आता घरात कुणी घेत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. शाळा संपली, कॉलेज संपलं, तरी आम्ही त्याच नावाने हाक मारत होतो, अगदी बसस्टॉपवर तिच्या मैत्रिणींसमोरसुद्धा. ती ओ द्यायची. आम्हाला वाटायचं, तिलाही ते आवडतं.

तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी लागली. पुढच्या टेबलावर बसायचं, पेशंटची नावं लिहून घ्यायची, नंबर आला की हाक मारायची. कामाला चार कपडे हवेत म्हणून ताईने तिला आरशासमोर उभं केलं. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती आणि दारात कुरियरवाला पाकीट घेऊन उभा होता. ताईने टेप तिच्या कमरेभोवती घेतली, नेहमीच्या आवाजात आकडा सांगितला आणि वर हसून म्हणाली, अगं, केवढी सुटलीस, दोन माणसांचं कापड लागेल की तुला. बायका हसल्या. कुरियरवाल्याने हसू दाबून पाकिटावरचा पत्ता वाचल्यासारखं केलं. भाचीही हसली, पण तिचे कान लालबुंद झाले होते. उरलेली मापं होईपर्यंत ती आरशात न बघता खाली फरशीकडे बघत राहिली.

त्यानंतर फोनमधली ती पोरगी आमच्या घरात शिरली. मी पहिल्या दिवसापासून तिला शेंग म्हणते, कारण ती चवळीच्या शेंगेपेक्षा तसूभरही जाड नव्हती. भाची चिडायची. म्हणायची, मावशी, ती कोच आहे, लाखो मुली तिचं ऐकतात. पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात उभी राहून शेंग काहीतरी हिरवं प्यायची, टी-शर्ट वर करून पोट दाखवायची, आणि पोट कसलं, आमचं कापायचं टेबल. घामाघूम झाली तरी बाईचा एक केस हलायचा नाही. बोलायची मात्र साखर पेरल्यासारखं. मी तुमची मोठी बहीण आहे, मला जमलं तर तुम्हाला का नाही जमणार, आणि शेवटी दर वेळी तेच, कारणं देऊ नका.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मलाही बरं वाटलं. सुट्टीच्या दिवशी उशीला कवटाळून पडणारी आमची पोरगी सकाळी उठून चालायला जायला लागली. ताईसुद्धा चेव येऊन मशीनमागे उठाबशा काढायची आणि गुडघा धरून मटकन बसायची. आम्ही तिघी पोट धरून हसायचो.

मग ताट बदललं. आधी गोड गेलं, मग भात गेला, मग रात्रीचं जेवणच गेलं. काकडीची चकती काट्यावर तोलून खाणारं माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. ताई काही बोलायला गेली की शेंगेचं वाक्य तोंडावर यायचं, कारणं देऊ नकोस आई. भाचीची हनुवटी निमुळती झाली, डोळे मोठे दिसायला लागले, आणि लोक म्हणायचे, काय छान दिसायला लागलीस गं. लोकांचं काय जातंय म्हणायला.

पँटचं खूळही शेंगेचंच. तिने सांगितलं, जी कंबर तुम्हाला हवी आहे त्या मापाची पँट आणा, सारखी डोळ्यांपुढे राहील अशी टांगा, दर रविवारी घालून बघा, आणि ज्या दिवशी चेन लागेल त्या दिवशीचा फोटो मला पाठवा. बाकीच्या मुलींनी दुकानातून आणल्या असतील. आमच्या घरात तर दुकानच. भाचीने गडद हिरवं कापड निवडलं. ताई टेप घेऊन पुढे झाली तशी ती मागे सरकली आणि म्हणाली, माप नको घेऊस, मी आकडा सांगते तेवढीच शीव. ताईने माझ्याकडे बघितलं. जी कंबर जगात नाहीच, तिची पँट आम्ही कधी शिवली नव्हती. तरी ताईने ती शिवली, आणि सवयीने मागच्या शिवणीत जादा कापडही सोडलं. पँट भाचीच्या खोलीच्या दारामागे टांगली गेली.

रविवार आला की घरात सुतक असल्यासारखं व्हायचं. आतून पलंग कुरकुरायचा, कारण ती आडवी पडून, श्वास रोखून चेन ओढायची. चेन अर्ध्यावर अडायची. मग बराच वेळ काही ऐकू यायचं नाही, आणि नंतर उशीत तोंड घालून रडल्याचा आवाज यायचा. त्या दिवशी ती पाण्याशिवाय काही घ्यायची नाही. ताई दाराबाहेर ताट हातात घेऊन उभी राहायची. दार वाजवायला हात उचलायची आणि तसाच खाली घ्यायची. आपणच बोललो होतो, हे तिच्या मनातून जात नव्हतं. माझ्यापाशी ती एवढंच म्हणाली, जीभ झडायला हवी होती माझी.

आणि मग तिने काय केलं, तर कुठल्याही दुसऱ्या आईला सुचलं नसतं ते केलं. मला ते कळलं झाडू मारताना. तिच्या मशीनखाली हिरव्या दोऱ्याचे उसवलेले तुकडे पडले होते, आणि हिरवं कापड तर तेव्हा आमच्याकडे दुसरं नव्हतंच. मी तुकडे तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरले. ताईचा चेहरा उतरला. भाची कामाला गेली की ती दारामागची पँट काढून आणत होती, मागची शिवण उसवत होती, पट्टीसकट दोऱ्याएवढी सैल करून परत शिवत होती, इस्त्री फिरवून होती तशी टांगून ठेवत होती. दर आठवड्याला थोडी थोडी. इतकी थोडी, की कुणाच्या लक्षात येऊ नये.

मी तिला वाट्टेल ते बोलले. वेड लागलंय का तुला, पोरीची फसवणूक करतेस, वगैरे वगैरे. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"कपडा अंगाला बसत नसेल तर कपडा सैल करतात," ती म्हणाली. "मी आयुष्यभर दुसरं काय केलंय? एकदा चेन लागली की तिचं समाधान होईल. मग जेवेल गं ती."

तिचा त्यावर अगदी मनापासून विश्वास होता, म्हणून मी तोंड मिटलं.

आणि एका रविवारी चेन लागली. भाची खोलीतून धावत बाहेर आली, दुकानाच्या आरशासमोर गर्रकन फिरली, आईच्या गळ्यात पडली. इतकी खूश मी तिला नोकरी लागली तेव्हाही बघितली नव्हती. ताई हसत होती, डोळे पुसत होती, आणि मला दिसत होतं की त्या क्षणाला तीसुद्धा विसरली होती, ही पँट कुणी सैल केली ते. लेक बारीक झाली म्हणून खरोखरची हरखली होती. दुपारी भाची आमच्याबरोबर जेवायला बसली, भातही खाल्ला. ताईने मला नजरेने विचारलं, बघ, म्हटलं नव्हतं?

भाचीने फोटो पाठवला आणि शेंगेने तो आपल्याकडे सगळ्यांना दाखवला. खाली लिहिलं, हिने कारणं दिली नाहीत. ढीगभर अनोळखी लोकांनी बदाम पाठवले. दुसऱ्याच दिवशी भाची पँट हातात घेऊन दुकानात आली आणि ताईपुढे ठेवून म्हणाली, आई, जमतंय मला, आता एक इंच आत घे.

ताईच्या हातातली कात्री तशीच राहिली. एक इंच आत म्हणजे पँट जिथून निघाली होती जवळजवळ तिथेच परत. मी खाली मान घालून बटण लावत होते आणि मनात म्हणत होते, सांग, आत्ता सांग. ताईने पँट घेतली आणि आत घेतली. भाची गेल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाली, कोणत्या तोंडाने सांगू? आता तर सगळ्या जगाने तिचं कौतुक केलंय.

त्या फोटोने आमच्या दुकानात गर्दी आणली. मुली येऊन म्हणायच्या, तशीच पँट हवी. सगळ्यांना आकडा तोंडपाठ, आणि तो आकडा एकीचाही स्वतःचा नाही. पहिल्या दोघी-तिघींना ताई नाही म्हणू शकली नाही. मग एक शाळकरी मुलगी आईबरोबर आली. फ्रॉकच्या बाहीत हात आत ओढून उभी होती. आईनेच फोटो पुढे केला, या फोटोतल्यासारखी शिवा म्हणाली, आणि पोरीने खाली बघत आकडा सांगितला. ताईने टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. मी मापाशिवाय शिवत नाही, म्हणाली. बाईला राग आला. स्वतःच्या मुलीला बरी शिवून दिलीत, असं तोंडावर म्हणून ती पोरीला घेऊन समोरच्या टेलरकडे गेली. ताई ते जाणं बघत राहिली. त्या दिवशी समोरच्या टेलरला शिवी द्यायलाही तिची जीभ उचलली नाही.

इकडे भाची आता खरोखरच वाळत चालली होती. पद्धत लागू पडतेय म्हटल्यावर तिने सकाळचं खाणंही बंद केलं. केस विंचरताना गुंता नाही, पुंजका निघायचा. भर उन्हाळ्यात अंगावर स्वेटर असायचा. आणि एका सोमवारी ती पँट घालून कामाला गेली. या वेळी ताईने शिवणीला हात लावला नव्हता.

दुपारी दवाखान्यातून फोन आला. पेशंटचं नाव पुकारायला उठली आणि तिथेच कोसळली, टेबलाची कड कपाळाला लागली. आम्ही मशीनवर कपडा तसाच सोडून धावलो. तोवर तिला शेजारच्या हॉस्पिटलात हलवलं होतं. पँटचा हूक नर्सने काढला होता आणि कमरेभोवती शिवणीचा लाल वळ उठला होता. डॉक्टर म्हणाले, रक्त नावालाच उरलंय, हृदयाचे ठोके नीट पडत नाहीत, आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर मी तुम्हाला काही सांगू शकलो नसतो. ताई भिंत धरून उभी होती. आत गेलो तर भाचीने हातातली सलाईनची सुई सांभाळत माझ्याकडे बघितलं आणि चक्क हसली. मावशी, म्हणाली, आज चेन अगदी सहज लागली होती. माझा हात उठला होता तिच्यावर, कसाबसा आवरला.

घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी तिने पेज बाजूला सारली आणि पँट कुठे आहे म्हणून विचारलं. ताई पुढच्या खोलीतून पँट घेऊन आली. मला वाटलं होतं, जाळून टाकली असेल. तिने ती उलटी केली, मागची शिवण वर येईल अशी भाचीच्या मांडीवर ठेवली, आणि पलंगाच्या कडेला बसली.

मशीनच्या आवाजात वाढलेल्या पोरीला समजावून सांगावं लागत नाही. उसवलेली शिवण सुईची भोकं मागे ठेवते, आणि त्या हिरव्या कापडावर भोकांच्या रांगाच रांगा होत्या, एकीला लागून दुसरी. भाचीने त्यांवरून नख फिरवत नेलं. शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि परत पहिल्या रांगेवर आली.

"फोटो काढला तेव्हा इथे होती?" तिने सगळ्यात बाहेरच्या रांगेवर बोट ठेवून विचारलं.

ताईने मान हलवली.

"म्हणजे मी बारीक झालेच नव्हते."

"तू जेवावीस म्हणून गं," ताई म्हणाली.

मला वाटलं, भाची आरडाओरडा करेल, पँट फेकून मारेल. तिचे कान लाल झाले, त्या दिवशी झाले होते तसेच. बोलली ती अगदी हळू आवाजात.

"पँटचं माप एवढं जपून लपवलंस, आई. मग माझं माप त्या दिवशी सगळ्यांसमोर का ओरडलीस?"

ताई उठली, परत बसली, परत उठली. मी तिची धाकटी बहीण, तिला चिडताना, रडताना, भांडताना बघितलंय. पण एवढी ओशाळलेली कधी नव्हती बघितली. ती पदराने तोंड झाकून पुढच्या खोलीत गेली आणि बंद मशीनपुढे बसून राहिली.

भाचीने शेंगेला कळवलं, तो फोटो खोटा आहे, काढून टाका. उत्तर आलं नाही. लाखो मुलींच्या बहिणीला एकीचं वाचायला वेळ कुठला. तो फोटो अजून तिथे आहे, आणि अजून त्याला बदाम येतात. भाचीला ते ठाऊक आहे. सुरुवातीला घराबाहेर पडताना ती डोक्यावरून ओढणी घ्यायची, कुणी ओळखेल म्हणून. सगळं शेंगेवर ढकललं असतं तर आम्हीही मोकळ्या झालो असतो. पण कमरेचा आकडा काही तिने ओरडून सांगितला नव्हता.

भाची हॉस्पिटलातल्या एका बाईंकडे बोलायला जाते. हळूहळू खायला लागली, कधी अर्धं ताट, कधी चार घास. आईशी कामापुरतं बोलायची. आणि कामावर परत रुजू होताना नव्या पँटी तिने समोरच्या टेलरकडून शिवून घेतल्या. शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी रस्ता ओलांडून दुसऱ्याकडे माप द्यायला गेली, अख्ख्या रस्त्याने बघितलं. ताईने खिडकीतून बघितलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. तीनदा चुकला.

आता ती माप मोठ्याने सांगत नाही. टेपवर अंगठा दाबून धरते, माझ्यापर्यंत चालत येते आणि आकडा दाखवते. जुन्या गिऱ्हाइकांना वाटतं, घसा बसलाय.

परवाची गोष्ट. दुकान भरलेलं होतं. भाची कामावरून आली ती थेट पुढच्या खोलीत, एका हातात समोरच्या टेलरने शिवलेली राखाडी पँट आणि दुसऱ्या हातात ती हिरवी. राखाडी पँट तिने ताईपुढे ठेवली.

"ही बसत नाही मला. सैल करून दे."

ताईने पँट उलटी केली, शिवण चाचपली. सैल करायला आत काही नव्हतंच, त्या मेल्याने नेहमीप्रमाणे बोटभरही कापड सोडलं नव्हतं. जोड द्यावा लागेल, ती पुटपुटली, दोन्ही बाजूंना पट्टी घालावी लागेल, या रंगाचं कापड नाही माझ्याकडे. भाचीने हिरवी पँट टेबलावर ठेवली आणि म्हणाली, यातलं कापून घाल.

"दिसेल गं ते," ताई म्हणाली.

"दिसू दे."

मग भाची आरशासमोर जाऊन उभी राहिली आणि हात अंगापासून लांब धरले. ताईने गळ्यातली टेप काढली. टेपचं टोक तिच्या हातून दोनदा सुटलं. माप घेतल्यावर ती सवयीप्रमाणे अंगठा दाबून माझ्याकडे यायला वळली, तर भाचीने तिचा हात धरला, टेपवर बघितलं आणि आकडा स्वतःच सांगितला, मला खिडकीपर्यंत ऐकू येईल एवढ्या आवाजात. तिचे कान लालच होते. मी खडू उचलला आणि लिहून घेतला. ताईने मान वर केली नाही. तिने हिरवी पँट पुढे ओढली आणि कात्री शोधू लागली.